टाकीतलं पाणी

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर दिवसा माझा हक्क आणि संध्याकाळी यांचा. दिवसभर मी नळदुर्गातल्या लोकांचे अर्ज भरते, कुणाचा परीक्षेचा, कुणाचा पीकविम्याचा. पाच वाजले की खुर्ची सोडायची, असा आमचा दोन-अडीच वर्षांचा रिवाज. मग हे टेबलाला स्टिअरिंग आवळतात आणि गेममधला ट्रक चालवतात.

हे म्हणजे माझे यजमान. वीस वर्षं त्यांनी हैदराबाद–सोलापूर रस्त्यावर खराखुरा ट्रक चालवला. तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या सकाळी, गाव जवळ आलेलं असताना, उतारावर तुरीच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत. गाडी खड्ड्यात गेली. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही, पण यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घरी मी गाडीच्या पूजेसाठी नारळ आणि झेंडूचे हार काढून ठेवले होते. ते तसेच सुकले.

गाडीच्या मालकानं ब्रेकचं काम केलं नाही, जुनाट गाडी रस्त्यावर पळवली, असं मी धरून चालले. त्याच्या दारात उभी राहून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात, मी त्याला नको नको ते बोलले. त्यानं मान खाली घातली. दवाखान्याचा खर्च त्यानंच केला होता, तरी मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. माझा स्वभावच तसा. एकदा एखाद्यावर खापर फोडलं की मी पुन्हा विचार करत नाही. हे त्यावर कधी काही बोलले नाहीत. दुखण्यानं गप्प झालेत, असं मी समजत होते.

पहिले सहा महिने ते भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. मग माझ्या भावानं कॉम्प्युटरवर तो ट्रकचा गेम बसवून दिला, ब्रेकचं बटण हाताखाली येईल असं स्टिअरिंग आणून दिलं, आणि हे उठून बसले. खरं सांगते, मला तो गेम आवडत नव्हता. घरात हॉर्न वाजला की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. पण खेळून झाल्यावर हे दोन भाकरी खायचे, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. गेम सुरू झाला तरी त्यांचा ट्रक लगेच हलत नसे. हे मिनिटभर स्वस्थ बसायचे, डावा हात खुर्चीखाली जायचा, काहीतरी ओढल्यासारखं करायचा आणि वर यायचा. कॉम्प्युटर जुना आहे, उघडायला वेळ घेतो, आणि तोवर यांचा हात चाळा करतो, एवढंच मला वाटायचं.

या उन्हाळ्यात गेमची नवी आवृत्ती आली आणि कॉम्प्युटर अडकायला लागला. उतारावर यांनी ब्रेक दाबायचा आणि ट्रकनं दोन सेकंदांनी ऐकायचं. एका संध्याकाळी यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. कपाळावर घाम होता. त्यानंतर चार दिवस ते खुर्चीवर बसले नाहीत. पुन्हा भिंत आणि ते. माझा धीर सुटला. मी म्हटलं, नवाच घेऊ. यांना ते पटेना. कॉम्प्युटरचा सांगाडाही यांच्यासाठी ट्रकचा चेसिसच.

"चेसिस धड हाय. धड चेसिस कुणी मोडीत काढतं व्हय? वरचं सामान बदलू."

स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर त्यानं दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या. मेमरी वाढवता येईल, ग्राफिक्स कार्ड बसवता येईल, पण कॉम्प्युटरचा डबा आतल्या धुळीनं तापतोय. आधी साफ करून आणा, कार्ड पेलतंय का बघू, नाहीतर नवा घ्या, असं तो म्हणाला. त्यावरून घरात पंधरा दिवस कुरबुर चालली. शेवटी एका दुपारी मी डबा स्कूटीवर पायांत धरला आणि निघाले.

आमच्याकडं धूळ काढायची म्हणजे हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात जायचं. कूलर असो, शिलाई मशीन असो, सगळं तिथल्या हवेच्या पाइपाखाली जातं. दुकानदारानं झाकण काढून पाइप आत धरला. धुळीचा लोट उठला आणि त्यामागून तपकिरी पाण्याचे शिंतोडे आले. मी पदरानं पुसलं. ऊन आहे, वाळेल, असा विचार करून तशीच दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं वायर लावली, आत काहीतरी चट्‌ वाजलं, आणि संपलं. मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्यावा लागेल, असं त्यानं सांगितलं.

मनातून मला बरंच वाटलं, वाद तरी मिटला. घरी येऊन मी यांना सांगितलं की जुनाच होता, त्याची वेळ भरली होती. यांनी डबा समोर ठेवायला लावला. झाकण काढून आत बोट फिरवलं, वास घेतला. कुठं नेला होता, विचारलं. मी सांगितलं.

"हवा मारायच्या आधी टाकीतलं पाणी सोडलं व्हतं का त्यानं?"

कसलं पाणी, मला काहीच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सावकाश समजावलं. हवा दाबून भरली की कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ट्रकचे ब्रेकही तशाच टाकीतल्या हवेवर चालतात. म्हणून ड्रायव्हरचं रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे गाडीखाली हात घालून टाकीची कडी ओढायची आणि पाणी सोडून द्यायचं. न सोडता दिवस गेले तर हवेला जागा उरत नाही, आणि भरली गाडी उतारावर ब्रेक धरत नाही.

"त्या आठवड्यात म्या एकदाबी सोडलं न्हाय. तू पूजेचं काढून बसली व्हतीस, मला घर गाठायचं व्हतं. मालकाची गाडी चांगली व्हती."

मला त्यांचा राग आला. तीन वर्षं त्यांनी मला एका माणसाचा द्वेष करू दिला होता. आणि मीही आत्ताच पाण्याचे शिंतोडे लपवून त्यांना खोटं सांगितलं होतं. मी म्हटलं, "कॉम्प्युटरही चांगला होता."

दुसऱ्या दिवशी मी यांना स्कूटीवर मागं बसवून मालकाच्या घरी नेलं. कुबड्या दाराला टेकवून यांनी सगळं सांगितलं. मालकानं आम्हाला आधी पाणी दिलं.

"मेकॅनिकनं टाकी खोलली तवाच कळलं व्हतं, वहिनी," तो म्हणाला. "पाय गेलेल्या माणसाला काय सांगायचं?"

तो माझ्याशी बोलत होता, आणि मला वर बघवत नव्हतं. त्या दिवशी दारात मान खाली घालून त्यानं माझे शब्द ऐकले होते, तेव्हाही त्याला सगळं ठाऊक होतं. मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर तो मागं सरला.

आठवड्यानं नवा कॉम्प्युटर आला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेम उघडतो. तरी यांचा ट्रक मिनिटभर जागचा हलत नाही. यांचा डावा हात खुर्चीखाली जातो, कडी ओढतो, पाणी जाईपर्यंत थांबतो. तेवढा वेळ मी घरात कुणाला बोलू देत नाही.