निळ्या वायरचा थर्मास

पोरगा त्या खुर्चीवरच म्हातारा होणार, ही धास्ती आईच्या मनातून जाता जाईना. चौतिशी आली, लग्नाचं नाव काढू देत नाही, घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. आठ वर्षं झाली, संग्रहालयातल्या बुडालेल्या बोटीच्या दालनात तो राखणदार आहे. ती बोट बुडाली तेव्हा अख्खा देश रेडिओला कान लावून बसला होता. त्याचे वडील बोटीवर होते, ते सापडलेच नाहीत. आईने त्या दालनात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आज त्याची सुट्टी. तो झोपलेला बघून ती एकटीच निघाली.

तिकीट देणाऱ्या बाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. "मावशी, तुमच्या चिरंजिवांना दोनदा बढती आली, वरच्या मजल्यावर. हलायला तयार नाहीत. खुर्चीला मुळं फुटलीत, म्हणतो आम्ही."

"कुठेय ती खुर्ची?"

खुर्ची रिकामी होती. समोर काचेच्या पेटीत एक थर्मास, तुटक्या दांड्याला निळी वायर गुंडाळलेली. आठ वर्षांच्या पोराने जीभ बाहेर काढून, वडिलांसाठी गुंडाळली होती ती. खाली चिठ्ठी: मालक अज्ञात.

ती त्याच्या खुर्चीत बसली. सव्वीस वर्षांपूर्वी अधिकाऱ्याने हाच थर्मास तिच्यापुढे धरला होता. "आमचा नाही," ती म्हणाली होती. आमचा म्हटलं असतं तर नवरा गेला हे मानावं लागलं असतं. घरी येऊन पोराला सांगितलं, बाबांचं काहीच सापडलं नाही.

तेवढ्यात शाळेची सहल आली. भिंतीवरची नावांची लांबलचक यादी ओलांडून मुलं थर्मासपाशीच थबकली.

"बाई, हा कुणाचा?"

"माहीत नाही गं. कुणीतरी घरून चहा घेऊन निघालं असेल."

मुलीने काचेला नाक टेकवलं. "मग त्याच्या घरचं कुणीच नाही आलं?"

आई खुर्चीतून उठली. आलं होतं. आठ वर्षं रोज येऊन समोर बसत होतं, आईचा शब्द खोटा पडू नये म्हणून तोंड मिटून.

ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. चिठ्ठी बदलायला ऑफिसात सांगायला हवं, पण आधी पोराला. तो नेहमीसारखा "जेवलीस का?" विचारेल. त्याआधीच बोलायचं, निळ्या वायरपासून सुरुवात करायची. तिने पिशवीतून फोन काढला.