खालच्या मामांचा राहण्याचा परवाना

चेन्नईत वेलचेरीच्या आमच्या इमारतीत आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर राहणारे, सगळ्या इमारतीचे मामा अकरा देशांत कायमचे राहायला गेले, आणि वेलचेरी सोडून मात्र कुठंच गेले नाहीत. परदेशात घर घेतलं किंवा पैसे गुंतवले की राहण्याचा परवाना कुठं आणि कसा मिळतो, याचं त्यांच्याएवढं ज्ञान गिंडीतल्या आमच्या ऑफिसातही कुणाला नव्हतं. आमच्या ऑफिसचा तर धंदाच तो होता. मी तिथं अर्ज तयार करत असे. दिवसभर लोकांना देशाबाहेर धाडायचं आणि संध्याकाळी शेअर ऑटोत गुडघे पोटाशी घेऊन घरी यायचं. जिन्यात मामा उभेच. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, काखेत फाइल. "आज कोठला देश आला?" असं ते पुसायचे, मंडईत आज कुठली भाजी आली असं विचारावं तसं.

मामा तंजावरकडचे मराठी. परदेशात स्थायिक होणं हा आपला घरंदाज व्यवसाय आहे असं त्यांचं मत होतं. "तीनशें वर्षांमागें आमचे पूर्वज राजाबरोबर येथें आले. घोडे गुंतवले, जमीन मिळाली, राहिले. तुमच्या ऑफिसाची स्कीम वेगळी काय आहे?" मला ते 'देशावरचे' म्हणत, आणि माझं सांगलीकडचं मराठी त्यांना घाईत उतरवलेल्या भातासारखं वाटे. देशांची परीक्षा ते स्थळं पाहावीत तशी घेत, आणि प्रत्येक स्थळात खोड निघे. पनामात पेन्शनरांना हॉटेलात सवलत असते असं मी सांगितलं, तर म्हणाले, "हॉटेलांत जेवतो कोण?" दुबईचा फ्लॅट त्यांनी आठवडाभर मनात सजवला आणि मग सोडला, कारण फ्लॅट विकला की परवानाही गेला. "म्हणजे मी त्या फ्लॅटाचा भाडेकरूच की." मलेशिया जवळजवळ ठरला होता. पण तिथं तमिळ बोलून सगळं भागतं हे कळल्यावर त्यांनी फाइल मिटली. "मग वेलचेरी काय वाईट?"

एका वर्षी आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी भरलं. तळमजल्याचे लोक भांडीकुंडी घेऊन वर आले, आणि मामा पासपोर्टाचे फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जिन्यावर शांत बसून राहिले. "बेटावर राहण्याचा सराव करतों," म्हणाले. माझी आई वरून म्हणाली, "मग इथंच राहा की. बेट आयतं आलंय."

बेट म्हणजे मॉरिशस. तिथला एक मराठी माणूस त्यांना तंजावरच्या देवळात भेटला होता. 'या आमच्याकडे,' असं तो बोलता बोलता म्हणाला आणि आपल्या वाटेनं निघून गेला. मामांनी ते आमंत्रण धरून ठेवलं. मामी गेलेल्या. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून येऊन तमिळमध्ये जेवे, सून इंग्रजीत वाढे, नातू कॉम्प्युटरशी बोले. "खिडकी उघडलों की समोरच्यानें मराठींत भांडावें, इतकेंच पाहिजे," असं मामा एकदाच म्हणाले आणि लगेच फाइलमध्ये तोंड घातलं. निवृत्त परदेशी माणसानं ठरावीक रक्कम तिथं आणली की त्याला राहू देतात, हे शोधून दिलं ते मीच. तंजावरकडची वाट्याची जमीन विकून आलेला पैसा त्या रकमेला पुरत होता.

आता आईचं सांगायला हवं. तिला मी सांगलीहून आणलं ते वडील गेल्यावर. तमिळचा एक शब्द येईना, गुडघे जिना उतरू देईनात. दिवसभर ती गॅलरीत तोंड मिटून बसे. एक दिवस मामा फाइल घेऊन वर आले, आणि दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला येऊ लागले. सांबार आमच्याच राजवाड्यात जन्मलं, असं ते म्हणत. "म्हणूनच एवढं पातळ," असं आई म्हणे. दोघं रोज भांडत. माझी आई चेन्नईत बोलायची ती चार ते सहा.

मॉरिशसचा अर्ज आमच्याच घरी बसून भरला. तिथं कायम राहण्याचा इरादा आहे का, असा एक प्रश्न होता. तो मामांनी बोट ठेवून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "घरांतून निघतांना कोणी जातों म्हणत नाहीं पा, येतों म्हणतात. आणि हें तर सही करून देणें. लिहा, लवकरच परत येईन."

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी पेनच खाली ठेवलं असतं, समजावलं असतं, उत्तर बदलून घेतलं असतं. माझं कामच ते. आतून आई विचारत होती, "मामा, उद्या घारगे करू का?" मी म्हटलं, "बरं," आणि तसंच लिहिलं.

मॉरिशसचं पत्र ऑफिसात आलं. उत्तर अर्जाच्या हेतूशी जुळत नाही, दुरुस्त करून महिन्याच्या आत पाठवावे. एका ओळीचं काम होतं. मी पत्र खणात ठेवलं आणि रविवारी मामांना सांगितलं, "नाही म्हणाले."

"कारण?"

"कारण देत नाहीत ते."

"सरी, बरें," मामा म्हणाले. "ज्याला कारण देतां येत नाहीं, त्याच्या घरीं राहूं नये." आणि वर आईकडे गेले. चार वाजले होते.

पुढं आई दोन वर्षं होती. दोन्ही वर्षं ती बोलली. ती गेल्यावर मामा चार वाजता आमच्या दारापर्यंत येत, आणि मी घरी असलो तर कुठला देश आला असं विचारून परत जात. मग मला पुण्याला नोकरी मिळाली. सामान टेम्पोत चढलं त्या सकाळी पत्राचं सांगायचं मी ठरवलं होतं. ते माझ्या खिशातच होतं. मामा फाटकाशी उभे होते, आणि त्या दिवशी त्यांच्या काखेत फाइल नव्हती.

"जातो मग, मामा," मी म्हणालो.

"येतों म्हणावें," ते म्हणाले. "देशावरचे तुम्हीं, इतकें शिकवलें नाहीं आईनें?"

"येतो," मी म्हणालो. पत्र खिशातच राहिलं.

ते बेटावर गेले असते तर नक्की परत आले असते; त्यांनी लिहूनच दिलं होतं. मी अजून वेलचेरीला परत गेलेलो नाही.