आत्याबाईची हिरवी चिंधी

चहा आधी पिऊन घ्या. माझ्या हातून काय घडलं ते ऐकल्यावर कप तोंडाला लावाल का न्हाई, भरोसा न्हाई!

मी तवा नवी सून. आमच्या साखरा गावात जीप घेऊन एक डाक्टर आला. पोरगेलाच, पर लई कळवळ्याचा. माणसाच्या पोटातल्या जंतांचा अभ्यास करून राह्यला होता. घरटी एक पत्र्याची डबी वाटली. घरातल्या थोरल्या माणसानं सकाळी टमरेल घेऊन जायचं आन् येताना बोटभर ऐवज डबीत घालून आणायचा. समजलं नं? मग माना हलवा, मी जास्त फोडून सांगणार न्हाई.

जीप न्यायला येईस्तोवर डब्या थंड राहायला पाहिजेत. गावात थंड जागा कोणती? आमच्या न्हाणीतल्या रांजणाखालची ओली वाळू. झालं, मी डब्यांची राखणदार!

डाक्टरनं डब्यांवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्यांचा ओलीनं लगदा झाला. पर मी काय चिठ्ठ्यांवर विसंबते? मला वाचता कुठं येतं? लुगडं मात्र कोणत्या घरचं ते झोपेत वळखते. ज्या घरची डबी, त्या घरच्या लुगड्याची चिंधी मी आधीच बांधून ठेवली होती. डाक्टर खूश. म्हणाला, वैनी, हे आमच्या शिकलेल्यांना सुचलं नसतं. फक्त एक बी घर सुटू देऊ नका, न्हाईतर माझी सारी मेहनत पाण्यात. मी छाती फुगवून शब्द दिला.

सगळ्या डब्या आल्या. एक राह्यली. कोणाची? आत्याबाईची, म्हंजे माझ्याच सासूची! त्या म्हणाल्या, आजवर या घरानं दारी आलेल्याला शिदा दिला, आता हे देऊ? आन् तोंड फिरवून बसल्या.

जीप दारात, डबी रिकामी. आता तुमीच सांगा, आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत देतात का? काहीच नसलं तर गुळाचा खडा तरी घालतो. माझ्या आईनं हेच शिकवून सासरी धाडलेलं. दाव्याला म्हशीची वगार बांधलेली होती. मी इकडंतिकडं पाह्यलं, डबी भरली, आत्याबाईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली आन् दिली.

पंधरा दिवसांनी दोन जीपा! संगं एक थोरला डाक्टर. चष्मा सावरत विचारून राह्यला, हिरवी चिंधी कोणाची? म्हणे, असले जंत जनावरात सापडतात, माणसात त्यानं उभ्या जन्मात पाह्यले न्हाईत. या आजीला शहरात न्यायचं, महिनाभर ठेवायचं, फोटो काढायचे.

मला वाटलं, आत्याबाई भांडतील. कशाच्या! ठेवणीतलं लुगडं नेसून त्या जीपमधे पुढं बसल्या बी. बाया पाया पडू राह्यल्या. आपलं पोटच येगळं हाय, असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या.

इकडं मी लहान्या डाक्टरला बाजूला घेतलं.

"साहेब, आत्याबाईला उतरवा. न्यायची तर तिला न्या."

त्यानं माझ्या बोटाच्या दिशेनं पाह्यलं. वगार रवंथ करत होती.

"वैनी, काय केलंत हे? आन् बाकीच्या डब्या?"

"बाकीच्या खऱ्या. ही एकच... रिकामी कशी देऊ, साहेब?"

त्यानं जाऊन थोरल्याला सांगितलं. थोरल्यानं वहीतली पुरी ओळ खोडली. आता एक घर कमी, म्हंजे माझ्या शब्दाचं बी मातेरं.

पर आत्याबाई जीपमधून हलंनात. सारं ऐकून म्हणाल्या, "वगारीचं नेलंत नं? मग आता माझं नेल्याबिगर जीप हलायची न्हाई. आणा ती डबी."

उतरल्या, टमरेल उचललं आन् तरातरा गेल्या. डाक्टरचा अभ्यास पुरा झाला.

माझं मात्र कायमचं नाव झालं. आज बी शेजारणीची वाटी परत द्यायला गेले, की ती दारातूनच हात जोडती, "माय, रिकामीच दे."