पहिली मूठ माती

चिंचणीचा किनारा मला बंद झाला तो एका माणसाच्या शब्दावर. तो ख्रिस्ती सुतार होता, होड्या दुरुस्त करायचा. मी तिथे विक्रीसाठी सुके बोंबील घ्यायला जायचो. एका सकाळी एका कोळ्याचं वाळत घातलेलं जाळं कापलेलं सापडलं. सुताराने गळ्यातला क्रूस मुठीत धरून पंचांना सांगितलं की, जाळं कापताना त्याने मला पाहिलं. क्रूस धरून कोणी खोटं बोलेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. जाळं सुताराच्याच धाकट्या भावाने भांडणाच्या रागात कापलं होतं. माझी खात्री होती, पुरावा नव्हता. त्यानंतर किनाऱ्यावर मला कोणी मासळी देईना.

मी रडत बसलो नाही. शिरगावहून माल उचलायला लागलो. तारापूरकडे विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हा बोईसरला मजुरांच्या झोपड्यांजवळ दुकान टाकलं, मोडक्या हिंदीत भांडून भांडून धंदा वाढवला. तरी दुकान उघडताना ती क्रूस धरलेली मूठ डोळ्यांसमोर यायची.

मग कळलं, सुतार शेवटच्या घटका मोजतोय. मी सायकल काढली. मला एकच हवं होतं. मरायच्या आधी त्याने पंचांसमोर खरं बोलावं.

मी पोचलो तेव्हा त्याची वाचा गेली होती. माझ्याकडे नुसता बघत राहिला. सकाळी बोलता येत होतं तोवर फादरनी त्याची कबुली ऐकली होती. मी फादरना अंगणात गाठलं.

"काय सांगितलं त्याने?"

"ते मला सांगता येत नाही. कुणालाच."

"नुसतं हो की नाही म्हणा."

"तेही नाही."

"म्हणजे पाप केलं माझ्याशी आणि माफी दिलीत तुम्ही?"

"माफी देव देतो. त्याची किंमत क्रुसावर आधीच चुकवलेली आहे."

"किनारा माझा गेला, फादर. किंमत मी चुकवली. तुमच्या देवाने दुसऱ्यांसाठी स्वतःला दिलं म्हणता. ह्याने भावासाठी मला दिलं."

 फादर म्हणाले, "न्यायाच्या दिवशी सगळं उघड होईल."

"कधी असतो तो?"

"मला माहीत नाही."

इतका मोघम वायदा धंद्यात मी कुणाकडून घेतला नसता.

तो त्याच रात्री गेला. दुसऱ्या दिवशी मी दफनाला थांबलो, निदान भावाच्या तोंडून काही निघेल म्हणून. कोळीवाड्यातली माणसं, पंचसुद्धा, कडेला उभी होती. पेटी खाली उतरवली आणि सुताराच्या बायकोने मला पुढे बोलावलं.

"दादा, पयली माती तुमी टाका. त्यांनी सांगून ठेवलंय."

ही मूठ घरच्यांची असते. भाऊ मान खाली घालून मागे सरला.

"का म्हणून सांगितलं?" मी विचारलं.

"ते नाय बोलले."

मी माती टाकली. वाटलं, सगळ्यांनी पाहिलं, मी निर्दोष हे आता वेगळं सांगायला नको.

बाहेर पडताना जिच्या नवऱ्याचं जाळं कापलं होतं ती कोळीण जवळ आली. "उद्या ये किनाऱ्यावर. त्यानं मरताना तुला माफ केलं, मग आमी कोन राग धरून ठेवनार?"

"मला माफ? मी काय केलं होतं?"

"आता ते उकरू नकोस. पयली माती दिली ना तुला?"

रात्रभर डोकं भणभणत होतं. ज्याने गुन्हा केला त्याला माफी मिळाली, ठीक. मी केलाच नाही, तर मला मिळाली ती कशाची? आणि त्याने मला कबुली दिली की आणखी एकदा अडकवलं?

सकाळी तरीही चिंचणीला गेलो. कोळीण टोपल्या मांडून बसली होती.

"मला माफी नको," मी म्हटलं. "निवाडा पाहिजे."

"निवाडा कोनाकडं मागतोस? साक्षीदार मातीत गेला, माती तूच टाकलीस." शेजारच्या दोघी हसल्या. "टोपली घेतोस का नाय?"

बोंबील चांगले होते, कडक वाळलेले. ती म्हणाली तो भाव मी मान्य केला. माझ्या तोंडून घासाघीस का निघाली नाही, ते आजही उमगत नाही. फुकट मिळालेलं काहीतरी हातात घेऊन उभा होतो आणि ते परत कुणाला करायचं ते कळत नव्हतं.

मी मुकाट्याने टोपली उचलली, तेव्हा कोळणीने शेजारणीकडे बघून मान हलवली. जाळं मीच कापलं होतं, याची तिला त्या क्षणी पक्की खात्री पटली असावी.