रिकाम्या उताराची नोंद

मंगळीला फोटोतलं झाड ओळखता येत नाही. मोबाईल पुढे धरला की म्हणते, "ह्याला वास नाय, कसं सांगू?" पण निडी गावाजवळच्या तिच्या वाडीमागचा उतार ती डोळे मिटून चालेल. साठीची बाई. अर्धं आयुष्य वीटभट्ट्यांवर गेलं. नवरा वारल्यापासून जून-जुलैची तिची चूल रानभाजीवर पेटते, आणि त्यातली निम्मी भाजी म्हणजे ह्या उतारावरची शेवळं, पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारे जांभळे कोंब. त्यांच्या जुड्या बांधून ती रोह्याच्या बाजारात बसते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी रोह्यात जीवशास्त्र शिकवते, पंचवीस वर्षं खडू झिजवलाय. रविवारी आम्ही सात-आठ हौशी माणसं तालुक्यातली झाडं, पक्षी, फुलपाखरं नोंदवतो आणि त्यांचा नकाशा करतो. एप्रिलमध्ये मी त्या उतारावर गेले. करपलेलं गवत आणि कुड्याची चार झुडपं. दगडावर बसून डबा खाल्ला आणि मोठ्या रुबाबात नोंद केली: 'रिकामा उतार'.

त्या दोन शब्दांनी घोळ केला. आमच्या गटाचे प्रमुख महादेवराव, पेणचे निवृत्त इंजिनिअर. सज्जन, पण हट्टी. त्यांना पाचशे रोपं लावायची होती, जागा त्यांनी आमच्या नकाशावरून निवडली. पंचायतीने परवानगी दिली आणि मे महिन्यात आम्ही सगळे जमलो; चर खणायला जेसीबी उतारापाशी येऊन उभा राहिला.

त्याच्या पुढ्यात मंगळी उभी राहिली, हातात पहार घेऊन. "हितं खणायचं नाय. खाली माझी शेवळं हायेत."

महादेवराव शांतपणे म्हणाले, "बाई, इथे काही नाही. आमच्या मॅडमनी स्वतः पाहणी केली आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवळाचा कंद वर्षातले निम्मे महिने जमिनीत गपचूप पडून असतो, वर पानसुद्धा नसतं, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. आणि एप्रिलमध्ये गवत बघून उतार रिकामा ठरवून मोकळी झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझी नोंद चुकली असेल," मी म्हणाले.

"असतील दोन-चार कंद. ते बाजूला लावू," महादेवराव म्हणाले.

मंगळीने पहार टेकली. "तुमीच जागा दाखवा. मी खणते."

त्यांनी काठीने एक जागा दाखवली. मंगळी वीतभर डावीकडे सरकली, खणलं, आणि मातीतून कंद वर आला, गुलाबी कोंबासकट. त्यांनी दुसरी जागा दाखवली, पार लांबची. तिथंही कंद. तिसऱ्या वेळी मात्र ती जागची हलली नाही. "तितं नाय. तितं खाली कातळ हाय."

महादेवरावांनी पहार घेतली आणि स्वतः मारली. हातभर खाली खणकन आवाज आला. कपाळ पुसून ते ड्रायव्हरला म्हणाले, "मागे घे रे. आपण दुसरी जागा बघू." जाताना त्यांनी मंगळीला नमस्कार केला. हट्टी माणसाने केलेला नमस्कार मला फार आवडला.

मंगळीने दोन्ही कंद होते तिथंच पुरले, कोंब वर करून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी मोजणीला गेले. मी चारशेपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. डबा खाल्लेल्या दगडाला लागूनच सहा जांभळी शेवळं उभी होती.

"पाय उचल गो, बाई," मंगळी म्हणाली.

मी तिथंच बसून जुनी नोंद खोडली आणि नवी भरली. 'निरीक्षक' ह्या रकान्यात तिचं नाव घातलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आनि काय इचारतंय त्यात?"

"पहिल्यांदा कधी पाहिलं, ते."

मंगळीने जुडी बांधता बांधता क्षणभर विचार केला.

"लिव," ती म्हणाली, "आयच्या कडेवर व्हते तवा."