सायमनची बातमी घेऊन पोलादपूरच्या डोंगरात

माझ्या नवऱ्याच्या, सायमनच्या मोबाइलवर अजून फोन येतात. जानेवारीत आला तो राधामावशींचा. "भाऊ हायेत का? येतो बोलले होते." दरड कोसळली त्या पावसाळ्यात तो चर्चच्या मंडळींबरोबर पोलादपूरच्या डोंगरात, मावशींच्या वाडीवर चिखल उपसायला गेला होता. त्याला कॅन्सरने नेऊन सात महिने झाले होते, हे मला फोनवर सांगवेना. "मीच येते," म्हणाले.

पनवेलहून सकाळची गाडी, वीरला उतरायचं. स्टेशनबाहेर महाडच्या रिक्षा असतात. माणसं भरेपर्यंत थांबावं लागतं. पुढे पोलादपूरची एसटी. स्टँडसमोर तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं छान मिळतं, पण मला अर्धंच गेलं. दुसऱ्या एसटीने फाट्यावर उतरल्यावर तासभर चढ आहे. पाणी जवळ ठेवा, सावली नाही. मी दर वळणावर बसत होते. सात महिने अशीच दमलेली आहे.

मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. "एकट्याच? भाऊ कुठं?"

"मावशी, सायमन गेला."

त्यांच्या मांडीवरचं सूप घसरलं. मला जवळ ओढून त्या कितीतरी वेळ पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग कोरा चहा केला.

"माझा पोरगा मातीखाली होता, तवा सगळे बोलत होते, धीर धर. भाऊ काय बोलले नाय. माझ्या बाजूला चिखलात बसले नि रडले."

सायमनने हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मी प्रार्थना सोडलीय, मावशी. देवाशी बोलवतच नाही."

"तुमच्या देवाला रडू येतं का गो?"

"येशू रडला होता. मित्राच्या कबरीपाशी."

मावशींनी जरा विचार केला. "मग त्याला कळंल."

मी तिथेच डोळे मिटले. मोठ्याने प्रार्थनेची दोनच वाक्यं आली, तीही तुटक. मावशींनी त्यांच्या देवाला हात जोडले. रात्री महाडला लॉजवर राहून दुसऱ्या दिवशी परतले.

थकवा गेलेला नाही. सायमन पुन्हा भेटेल, हे लहानपणापासून शिकलेल्या विश्वासाने म्हणायला जाते आणि वाक्य अर्धवट राहतं. पण ते खरं ठरेपर्यंत प्रभू माझ्या शेजारी बसून आहे, एवढं आता वाटतं. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, "कोणासाठी प्रार्थना करायची आहे?" मी मागच्या बाकावरून उठले आणि राधामावशींचं नाव सांगितलं.