रिकाम्या गाड्यांचे व्यंकटराव

व्यंकटराव फोटो काढायचे तेव्हा आधी गाडीतली माणसे खाली उतरवायचे. मोटार असो, टांगा असो, नाहीतर नदीवरची नाव असो, त्यांना ती रिकामी हवी असे. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया, डोक्यावर गाठोडे असलेले शेतकरी, सगळे उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि हा गृहस्थ कमरेशी कॅमेऱ्याची काळी पेटी धरून मागेपुढे पावले टाकी. कोणी कुरकुर केली तर म्हणत, "माणूस बसला की गाडीचा घाट मोडतो. दोन मिन्टं थांबा, जल्दी काय आहे?"

ते माझे साडू. माझी बायको कौसल्या थोरली आणि त्यांची बायको गोदावरी धाकटी. निजामाच्या राज्यात, जालन्याच्या तहसील कचेरीत ते कारकून होते आणि मी एका जिनिंगमध्ये कापसाचे वजन लिहिणारा. लोक त्यांना हौशी म्हणत. मी त्यांना मूर्ख समजत असे, आणि ते जाऊन इतकी वर्षे झाली तरी माझे मत बदललेले नाही. हौस मला कळते. आमच्या जिनिंगचा इंजिनवाला कबुतरे पाळायचा, पण कबुतरांसाठी त्याने कधी कोणाला उन्हात उभे केले नाही.

एकदा ते कचेरीची रजा काढून मुंबईला गेले होते. ट्राम बघायला. परत आल्यावर आम्हा सगळ्यांना बसवून फोटो दाखवले. पहाटे डेपोवर जाऊन काढलेल्या ट्रामा, बंदरात बांधून ठेवलेल्या फेरीबोटी. एकाही फोटोत माणूस नव्हता. जणू मुंबई प्लेगने ओस पडली होती.

गोदाने विचारले, "अन् समुद्र कसा असतो हो?"

"समुद्र माझ्या पाठीमागं होता," व्यंकटराव म्हणाले. "बोटीवर ऊन त्याच बाजूनं पडत होतं."

फोटो मात्र चांगले असत, हे मला नाकारता येत नाही. चाकाचा एकेक आरा मोजून घ्यावा इतके स्वच्छ. त्यामुळेच राग जास्त येई. ज्याला जमत नाही त्याला माफ करता येते.

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहायला घेतले, त्याबद्दल.

आमच्या सासूबाईंना आम्ही जावई मामी म्हणत असू आणि मुली माय. पूर्णेच्या पलीकडे एका खेड्यात त्यांची शेती होती. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांनी काशीला जायचे ठरवले. जालन्याहून यात्रेकरूंचा एक संग निघणार होता, त्याच्याबरोबर. त्या काळी काशीला निघालेले म्हातारे माणूस परत येईलच असे कोणी धरून चालत नसे. निघताना लोक पाया पडत ते शेवटचे म्हणूनच. मामींचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे म्हणून त्यांनी आजवर टाळले होते. गोदाने महिनाभर मागे लागून त्यांना कबूल करून घेतले.

आणि नवऱ्याला बजावले, "तुमच्या गाड्यांचे फोटो काढा न्हाईतर नका काढू. माझ्या मायचा एक काढा. मला दुसरं काही नको."

"एक काय, चार काढतो," व्यंकटराव म्हणाले.

त्यांच्या पेटीत एका रिळावर आठ फोटो निघत. पेटीच्या पाठीला तांबडी काच होती, तिच्यातून कितवा फोटो आहे तो आकडा दिसे. रीळ जालन्यात मिळत नसे, औरंगाबादहून आणावे लागे. असे एकच रीळ घेऊन ते आमच्याबरोबर मामींना आणायला आले. वाटेत दमणी, नाव, मोटार आणि रेल्वे, चारही लागणार होत्या. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते की आम्ही मामींसाठी निघालो होतो आणि ते या चौघींसाठी.

सकाळी दारात दमणी जुंपली. दमणी म्हणजे माणसे नेण्याची छपराची बैलगाडी. मामींनी हिरव्या काठाचे नवे लुगडे नेसले होते आणि चुरगळू नये म्हणून त्या ताठ बसल्या होत्या. गावच्या बायांनी ओवाळले. आमच्याकडे काशीला निघालेल्या माणसाने एकदा गाडीत बसले की वेस ओलांडेपर्यंत पाय खाली टेकायचा नाही, असा रिवाज आहे. व्यंकटरावांना तो ठाऊक होता. तरी वेशीपाशी त्यांनी गाडी थांबवली.

"मामी, जरा उतरा. इथं ऊन बराबर आहे."

"माझा फोटो का?"

"तुमचा जालन्याला काढू, सावकाश. आत्ता गाडीचा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गोदा पुढे झाली, पण मामींनी तिला हाताने थांबवले आणि उतरल्या. "काशीला निघाले अन् जावयानं वेशीतच उतरवलं," त्या हसत म्हणाल्या. "म्हंजे विश्वनाथाला माझी काही गरज न्हाई." एवढ्यावर भागले नाही. बैल हलतात म्हणून बैलही सोडायला लावले, जुवाखाली दगडांचा टेकू दिला, आणि दोन फोटो काढले. एक समोरून, एक बाजूने.

पूर्णेला अजून चांगले पाणी होते. नावेत आम्ही बसलो न बसलो तोच व्यंकटरावांनी सगळ्यांना पुन्हा काठावर उतरवले. मामींच्या लुगड्याचा काठ चिखलात भिजला. नावाडी वैतागला.

"साहेब, रिकामी नाव तर मी रोज बघून राह्यलो. तिच्यात बघण्यासारखं काय आहे?"

"तुला न्हाई कळायचं."

"न्हाई कळायचं," नावाडी म्हणाला. "मला तर माणसं पार नेऊन घालायची कळते."

इथेही दोन झाले. नदी उतरून केदारखेड्याला आलो, तिथे जालन्याची सर्व्हिस मोटार उभी होती. तिचे नाक नव्या तऱ्हेचे होते म्हणे. ड्रायव्हर व्यंकटरावांच्या ओळखीचा, त्याने झाकणही उघडून दाखवले. पाचवा, सहावा, सातवा. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून तांबड्या काचेकडे बघत होतो.

"व्यंकटराव," मी म्हणालो, "आता एकच राहिला."

"एकच तर पाहिजे माणिकराव. मामी काय दोन आहेत का?"

मी वाद घातला नाही. आकडा बरोबर होता.

जालन्याच्या स्टेशनवर संगातली मंडळी आधीच जमली होती. मनमाडकडे जाणारी गाडी यायला थोडा वेळ होता. गोदाने मामींना फलाटाच्या कडेला, उन्हाच्या बाजूला उभे केले. लुगड्याला लागलेला चिखल ओल्या हाताने पुसला, पदर नीट केला, कपाळावरचे केस मागे सारले. मामी इतका वेळ थट्टा करत होत्या, पण कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्यावर एकदम गप्प झाल्या. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून त्यांनी समोर बघितले.

"हसू का न्हाई?" त्यांनी मला हळूच विचारले.

"तुम्हाला वाटेल तसं," मी म्हणालो.

व्यंकटरावांनी पेटी कमरेशी धरली, खाली मान घालून भिंगात बघितले. तेवढ्यात गाडी आली. पुढचे इंजिन नेहमीचे नव्हते. मोठे, काळेभोर, पितळेच्या पट्ट्या चकाकणारे, या मार्गावर आम्ही कोणीच न पाहिलेले. व्यंकटरावांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लग्नातही तो इतका उजळला नव्हता, आणि मी त्यांच्या लग्नात होतो.

"मामी," ते म्हणाले, "जरा बाजूला व्हा."

मामी बाजूला झाल्या. मानाच्या जावयाने सांगितले, म्हणून झाल्या. खटका वाजला. गोदाला वाटले मायचा फोटो निघाला, तिने हातही जोडले. मग तिने पेटीचे तोंड कुठे आहे ते पाहिले.

पुढे फार वेळ नव्हता. सामान चढवायचे, जागा धरायची, पाया पडायचे. गाडीने शिटी दिली. मामी खिडकीतून म्हणाल्या, "गोदे, रडू नको. माझं तोंड तुझ्याच तोंडासारखं आहे. आरशात बघत जा."

गाडी गेल्यावर व्यंकटराव रिकाम्या फलाटावर उभे राहून म्हणाले, "आल्यावर काढू की. तीन महिन्यांत तर येतात."

मामी आल्या नाहीत. काशीत ज्वर येऊन गेल्या. संगातल्या लोकांनी निरोप आणला. काशीत मरण आले म्हणून गावाने त्यांना भाग्यवान म्हटले. गोदा मात्र रडली नाही. तिने नवऱ्याकडे त्या दिवसाचे आठही फोटो मागितले आणि ओटीवर ओळीने मांडून बघत बसली. त्यांतला वेशीपाशी समोरून काढलेला दमणीचा फोटो तिने उचलला. त्याला चौकट करून आणायला मलाच पाठवले.

व्यंकटरावांना वाटले, आपल्या कलेची बायकोला अखेर पारख झाली. येईल त्याला ते सांगत, "आमच्या मंडळींनी स्वतः पसंत केलाय."

पुढच्या पितृपंधरवड्यात मामींच्या तिथीला आम्ही त्यांच्या घरी जेवायला गेलो. बैल नसलेल्या, दगडांवर टेकलेल्या त्या रिकाम्या दमणीचा फोटो पाटावर ठेवला होता. गोदाने त्याला गंध लावले आणि झेंडूचा हार घातला. कौसल्या तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

व्यंकटराव हात धुऊन आले, मान तिरपी करून फोटो बघितला आणि म्हणाले, "हार थोडा वर घे. चाक झाकून राह्यलं."

गोदाने हार वर घेतला नाही. टोपलीतला दुसरा हार काढून तोही दुसऱ्या बाजूने घातला. दोन्ही चाके नाहीशी झाली. मध्ये छप्पर तेवढे दिसत होते, आणि त्याच्याखालची ती जागा, जिथून मायला उतरवले होते.